खुर्च्या कोण लावणार? आमच्या युवा ग्रुपचं एक प्रकरण

खुर्च्यांपासून सुरुवात करतो, कारण आमचं सगळं प्रकरण तिथूनच पेटलं आणि खरं सांगायचं तर अजूनही फिरून फिरून तिथेच येऊन अडकतं. लाल प्लास्टिकच्या, पाठीवर पांढऱ्या पेंटने चर्चचं नाव घातलेल्या ४०० खुर्च्या. एरवी हॉलच्या मागच्या खोलीत दहा-दहाच्या थप्प्या लावून ठेवलेल्या असतात, वरच्या खुर्च्यांवर कबुतरांची कृपा. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) असो, पालक संताचा सण असो, मुलांचं फर्स्ट कम्युनियन (पहिला ख्रिस्तप्रसाद) असो, आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, "युथ, उद्या पहाटे साडेचारला खुर्च्या, सगळ्यांनी यायचंय". मी सतरा वर्षांचा असल्यापासून हे ऐकतोय, तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) शेवटी अनाउन्समेंट व्हायची. आता चौतिसाव्या वर्षी तोच मेसेज मी टाकतो. एवढी प्रगती.

मी आणि बायको ॲनिमेटर आहोत, म्हणजे चर्चच्या युवा ग्रुपची जबाबदारी बघणारे. आधीच्या ॲनिमेटर जोडप्याला दुसरं बाळ झालं तेव्हा फादर म्हणाले, "तुम्ही दोघं बघा ना जरा", आणि ते "जरा" २०२२ पासून चालू आहे. मध्यंतरी शेजारच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतल्या, एका ॲनिमेटरने फोन करून विचारलं की तुमची पोरं परत कशी आली हो, आमच्याकडे तर चार टाळकी उरलीत. मला फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण परत आली म्हणणं पण पूर्ण खरं नाही. म्हणून सगळं लिहून काढतोय, आमच्या चुका धरून. धर्मग्रामाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम घालत नाही, गाव लहान आहे, उद्या मला भाजी आणायला त्याच रस्त्याने जायचंय.

आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यात. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो, पोर्तुगीज इथे १५३४ मध्ये आले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले पण चर्चेस राहिली आणि माणसं राहिली. वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा चर्चचा प्रांत, मुंबईपासून वेगळा झाला १९९८ मध्ये. आमच्याकडे मिस्सा मराठीत, जपमाळ मराठीत, घरात भांडण मात्र बोलीत. सामवेदी, वाडवळ, कोळी, सगळे आहेत, आणि आता स्टेशनच्या बाजूच्या बिल्डिंगांत गोव्याचे, मंगलोरचे, केरळचे लोक आलेत म्हणून रविवारी एक इंग्लिश मिस्सा पण असते. आजोबांच्या पिढीकडे केळी, पानवेली, चाफा, मोगरा. बाबांच्या पिढीकडे गव्हर्मेंट नाहीतर बँकेची नोकरी. आमच्या पिढीकडे विरार लोकल. आमच्या खालच्या पिढीकडे आयईएलटीएसचा (परदेशी जायला लागणाऱ्या इंग्लिशच्या परीक्षेचा) क्लास.

आता मूळ परिस्थिती. २०२४ च्या सुरुवातीला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ८६ जण होते आणि मिटिंगला सात, त्यात तीन एकाच घरातली भावंडं, म्हणजे खरं तर पाच घरं. दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा चर्चचा संस्कार) झालं की पोरं गायब. आमच्याकडे दृढीकरण म्हणजे दहावीचा निकाल लागल्यासारखं आहे, बिशप येतात, तेल लावतात, फोटो निघतो, जेवण होतं आणि धर्मशिक्षणाच्या वह्या माळ्यावर जातात. हे आधीपासूनच होतं पण कोविडने घाव घातला, दोन वर्षं मिस्सा मोबाईलवर बघायची सवय लागली, आणि त्या दोन वर्षांत जी मुलं पंधराची सतरा झाली त्यांना ग्रुप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

तरी कामं थांबली नव्हती हां. वर्षाचं कॅलेंडर बघा. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या आणून सोलून ठेवायच्या, उत्तम शुक्रवारी क्रुसाच्या वाटेचा जिवंत देखावा, १५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाचा सण आणि झेंडावंदन दोन्ही एकाच सकाळी, सप्टेंबरमध्ये मारिया मातेच्या जन्माच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, ऑक्टोबरभर वाड्यावाड्यातून जपमाळ, नोव्हेंबरमध्ये ख्रिस्तराजाची मिरवणूक, मग नाताळ म्हणजे गोठा, कंदील, कॅरल. कॅरलला हल्ली आया विचारतात की रात्री कुठल्या कुठल्या एरियात जाणार, दुसऱ्या राज्यांत कॅरलवाल्या पोरांना त्रास दिल्याच्या बातम्या त्यांनी पण वाचल्यात. आणि ह्या सगळ्यात युवकांचं काम काय तर खुर्च्या, मांडव, साऊंडची वायर, पार्किंगला शिट्टी. ठरवायची मिटिंग वेगळी, ती मोठ्यांची. आम्हाला फक्त वेळ कळवायची.

आम्हाला तेव्हा वाटत होतं की प्रॉब्लेम श्रद्धेचा आहे. मोबाईल, रील्स, वाईट संगत, नेहमीची यादी. त्यामुळे उपायही तसेच केले. बाहेरून एक वक्ते आणले, त्यांच्या प्रेझेंटेशनची पहिलीच स्लाईड म्हणजे सिगारेट आणि बाटलीचा फोटो. समोर बसलेल्यांत दोघी वेदीसेवक, एक नर्सिंगची मुलगी आणि एक मुलगा ज्याचे वडील दारूने गेले. तो मुलगा पाणी प्यायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही. ती स्लाईड मी आधी बघायला हवी होती, ही चूक पूर्ण माझी. मग टर्फवर क्रिकेट ठेवलं, बावीस जण आले, मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं, पुढच्या रविवारी मिटिंगला पुन्हा सातच. पिझ्झा ठेवला तर पिझ्झाला आले. त्यात त्यांचं काय चुकलं, आपण पिझ्झाला बोलावलं, ते पिझ्झाला आले.

मग पालक संताचा सण आला.

आमच्यातला एक मुलगा, वय तेवीस, मालाडला कॉल सेंटरमध्ये नाईट शिफ्ट. सणाच्या दिवशी तो शिफ्ट संपवून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून थेट चर्चला आला, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड तसंच. आम्ही नऊ जण होतो, ४०० खुर्च्या. रात्री पाऊस पडून गेलेला त्यामुळे प्रत्येक खुर्ची फडक्याने पुसायची. साडेसहाला रांगा लागल्या, सातची मिस्सा. लोक आले, खुर्च्या भरल्या, आणि आमची पोरं मागे आंब्याच्या झाडाखाली उभी राहिली कारण बसायला जागाच नव्हती. तो कॉल सेंटरवाला प्रवचनाच्या वेळी कंपाउंडच्या भिंतीला टेकून झोपला, उभ्या उभ्या. शेवटी आभार झाले. मांडववाले, फुलं देणारे, साऊंड, बँड, गायकवृंद, भगिनी मंडळ, जेवणाचे देणगीदार नावानिशी, पोलिसांचेही. युवकांचं नाव नाही. मुद्दाम नव्हे, कागदावर लिहायचं राहिलं, तो कागद मी नंतर बघितला, खरंच राहिलं होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीच्या, मिटिंगमध्ये एका काकांनी विषय काढला की आजकालचे युवक मिस्सेला आत येत नाहीत, झाडाखाली उभे राहतात, झोपा काढतात, ह्यांना वळण लावा. मिनिट्समध्ये हे आलं. आणि ते मिनिट्स कुणीतरी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकले.

रात्री अकरा चाळीसला आमची सेक्रेटरी ग्रुपमधून बाहेर पडली. ही मुलगी म्हणजे ग्रुपचा कणा, हिशोबाची वही तिची, वाढदिवसांची यादी तिची. काही न बोलता बाहेर पडली, स्क्रीनवर मधोमध ती बारीक करडी ओळ येते ना, ती. मग दुसरी ओळ, तिसरी. बायको आणि मी अंथरुणात बसून फोनकडे बघत होतो, एक वाजेपर्यंत चौदा जण गेले. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी भाषण केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणाला उत्तर देता येतं.

मी दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेलो आणि म्हणालो की मला मोकळं करा. फादरांनी ऐकून घेतलं, कॉफी दिली, आणि म्हणाले की राजीनामा नंतर दे, आधी सांग, त्या मुलांना तू शेवटचं काय विचारलं होतंस? काम सोडून? मी आठवायला लागलो. खरंच आठवेना. "येतोस का", "आणतोस का", "किती जण आहात", ह्याच्या पलीकडे प्रश्नच नव्हता.

गंमत बघा, २०१८ ला रोममध्ये तरुणांवर सिनड, म्हणजे बिशपांची सभा, झाली, २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं तरुणांना उद्देशून पत्र आलं, त्यात म्हटलंय की तरुण म्हणजे जगाचं भविष्य नाहीत, ते वर्तमानच आहेत. त्यावर आमच्याकडे बॅनर झालं होतं. बॅनर कोणी बांधलं? बरोबर. मग २०२१ पासून परत सिनड, तेव्हा सगळ्या विभागांत ऐकण्याच्या बैठका, आमच्या पोरांनी पण फॉर्म भरला होता. मी नंतर एकाला विचारलं की तेव्हा काय लिहिलंस रे, तर म्हणाला, "दादा, मी लिहिलं होतं की आम्हाला कोणीतरी विचारा. मग कोणी विचारलं नाही."

तर आम्ही मिटिंग घेणंच बंद केलं. दोन महिने एकही मिटिंग नाही. त्याऐवजी एकेकाला भेटायचं, त्याच्या वेळेला, त्याच्या जागी. मी लोकलमध्ये भेटलो, वसई रोडच्या पुलावर भेटलो, वडापावच्या गाडीवर भेटलो, बायको मुलींना त्यांच्या क्लासबाहेर भेटली. एकच प्रश्न, ग्रुप कशासाठी असता तर तू आला असतास? आणि उत्तर मिळालं की वाद घालायचा नाही, समजावायचं नाही. मला हे फार जड गेलं, माझा स्वभाव समजावण्याचा आहे.

जे कळलं ते आमच्या अंदाजाच्या जवळपासही नव्हतं.

पहिलं, वेळ. रविवारी साडेदहा ही वेळ ज्यांनी ठरवली तेव्हा रविवार म्हणजे सुट्टी असायची. आमच्या अर्ध्या पोरांचा रविवार कामाचा असतो, मॉलमध्ये, केटरिंगला, हॉस्पिटलात, दोघं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात त्यांचा तर सिझनचा प्रत्येक रविवार गेला. आम्ही ह्याला श्रद्धा कमी म्हणत होतो.

दुसरं, भाषा, आणि ह्याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला. शाळा इंग्लिश मिडियम, घरात बोली, आणि मिस्सेत पुस्तकी मराठी. पोरांना बायबलचं वाचन करायला सांगितलं की पळतात, आम्हाला वाटायचं लाज. एका मुलीने सांगितलं की तिला एकदा ऐन वेळी वाचायला उभं केलं, समोर आलं "थेस्सलनीकाकरांस", बायबलमधल्या एका पत्राचं नाव, तिची जीभ अडकली, पुढच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या, आणि ती त्यानंतर तीन वर्षं वाचनाला उभी राहिली नाही. कॉन्व्हेंटमध्ये डिबेट जिंकलेली मुलगी ही. तिला मराठी येत नाही असं नाही, तिला ती मराठी कोणी आधी एकदा वाचून दाखवली नाही, इतकंच.

तिसरं, परदेश. घराघरात कॅनडा, इस्रायल, आखात ह्याच गप्पा. आईवडील जमिनीचा तुकडा विकून पाठवायला तयार, मुलाला जायचं असतं किंवा नसतं, पण बोलणार कोणाशी? आईशी बोलला तर आई रडते, मित्राशी बोलला तर मित्र स्वतः निघालाय.

चौथं म्हणजे प्रश्न. मनात प्रश्न आहेत आणि विचारायची जागा नाही. पापनिवेदनाला आमच्याच फादरांकडे जायला संकोच वाटतो कारण ते आवाजावरून ओळखतात. धर्मशिक्षणाच्या तासाला प्रश्न विचारला की सिस्टर म्हणायच्या, श्रद्धा ठेव. एकाने सरळ सांगितलं, "दादा, माझी गर्लफ्रेंड हिंदू आहे, मी ग्रुपमध्ये आलो तर तुम्ही लोक आधी तेच विचारणार." आम्ही विचारलं असतं, हो.

श्रद्धा नाही म्हणून येत नाही असं म्हणणारे दोन निघाले. दोनच. बाकी सगळे रात्री झोपताना काहीतरी पुटपुटणारे, परीक्षेला जाताना गळ्यातला क्रूस चाचपणारे, आजीसोबत जपमाळ म्हणणारे.

मग बदल केले, आणि ते काही फार मोठे नव्हते. मिटिंग शुक्रवारी रात्री साडेनऊला, चर्चच्या पायऱ्यांवर, ऑफिसवाले घरी जाऊन तोंड धुऊन येऊ शकतील अशी. ज्याला जमेल तो, हजेरी नाही. मिटिंगमध्ये कामाची अनाउन्समेंट करायची नाही, कामाचं काही असेल तर वेगळं. आणि एक बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा. त्यात बिननावाची चिठ्ठी टाकायची, मिटिंगला एक चिठ्ठी काढायची, फादर असतील तर फादर, नसतील तर आम्ही सगळे मिळून बोलायचं. फादरांना आम्ही आधीच विनंती केली होती की फादर, तुम्हाला "मला माहीत नाही" म्हणायची मोकळीक आहे. ते हसले, म्हणाले सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) हे कोणी शिकवलं नाही, प्रॅक्टिस करावी लागेल.

पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, गणपतीत मित्राकडे प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का? वसईत हा प्रश्न घरोघरी आहे, दर वर्षी आया एक सांगतात, मित्र हातावर मोदक ठेवतो, आणि पोरगं मधल्या मध्ये. फादरांनी उपदेश केला नाही, बायबल उघडलं, संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय. दोन हजार वर्षांपूर्वी करिंथमध्ये नेमका हाच वाद होता, मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का. पौल म्हणतो की अन्न आपल्याला देवाच्या जवळ नेत नाही की लांब नेत नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या कोणाची श्रद्धा डळमळणार असेल तर त्याचा विचार कर. दहाव्या अध्यायात तर देवपूजेत भाग घेणं वेगळं आणि कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खाणं वेगळं, अशी फोडच केलीय. पोरं तासभर भांडली, सव्वाअकराला वॉचमनने लाईट घालवले तरी पायऱ्यांवर आवाज चालू. त्यातल्या एकाने घरी जाऊन तो अध्याय स्वतः वाचला, मराठीत, अडखळत. मी त्याला वाच म्हणून सांगितलं नव्हतं.

गर्लफ्रेंडचा प्रश्नही तीन आठवड्यांनी डब्यातून आला, अक्षर डाव्या हाताने लिहिल्यासारखं. त्या रात्री कळलं की बहुतेकांना वाटत होतं की बिगर-ख्रिस्ती मुलीशी चर्चमध्ये लग्न होऊच शकत नाही. होतं, त्यासाठी बिशपांकडून सूट मिळवावी लागते, कॅथलिक बाजूने स्वतःची श्रद्धा न सोडण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल तेवढं करण्याचं वचन द्यावं लागतं, आणि ते वचन समोरच्याला आधीच माहीत असायला लागतं. फादरांनी हेही सांगितलं की कायद्याने जमतं म्हणजे संसार सोपा जातो असं नाही, आणि मग तीन जोडप्यांचे अनुभव सांगितले, नावं न घेता, एक चांगला, एक वाईट, एक मधला. हे मला आवडलं. नाहीतर आपल्याकडे अशा विषयाला एकतर शटर डाउन, नाहीतर सगळं गोडगोड.

एका शुक्रवारी परदेशाची चिठ्ठी निघाली, "जायचं नाहीये पण नाही म्हणता येत नाही". फादर नव्हते त्या दिवशी. मी काय सांगणार, मी बोरिवलीच्या पलीकडे नोकरीला गेलेलो नाही. बायकोने संत गोन्सालो गार्सिया काढले. आमच्याकडे त्यांचं नाव कॉलेजला आहे, चर्चला आहे, मुलांना आहे, पण गोष्ट कोणाला धड येत नाही. वडील पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईचा. कोवळ्या वयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, कित्येक वर्षं त्यांच्यासाठी धर्मशिक्षकाचं काम केलं, त्यांच्यात सामील व्हायची इच्छा होती आणि त्यांनी घेतलं नाही. मग व्यापार केला, पैसा कमावला, शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्यासी संघात गेला, धर्मगुरू नाही, साधा बंधू. जपानी येत असल्यामुळे दुभाषा म्हणून परत जपानला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला बाकी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संतपद, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत.

सगळे गप्प. मग तो कॉल सेंटरवाला म्हणाला, "म्हणजे याला पण कामाला ठेवलं आणि आत घेतलं नाही."

एवढं हसलो आम्ही त्या रात्री की समोरच्या घरातल्या आजींनी खिडकी उघडली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, मी ते जसंच्या तसं कौन्सिलच्या मिटिंगमध्ये सांगितलं. तिथे कोणी हसलं नाही.

आता बावखलाचं सांगतो, कारण कामं बंद केली म्हणून ग्रुप चालला असं कोणाला वाटायला नको. बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, वाडीला पाणी द्यायला बापजाद्यांनी खोदलेली, काठावर रहाट असायचे, आता बरीच बुजवली गेली. चर्चच्या मागच्या वाडीत एक आहे. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मागच्या बावखलात घाण कोण टाकतं?" आम्ही मोबाईलचे टॉर्च घेऊन तेव्हाच बघायला गेलो. जलपर्णी, बाटल्या, आणि काठाला चिकटून थर्मोकोलच्या प्लेटा, गोणीच्या गोणी. प्लेटांच्या गोणीवर केटररची चिठ्ठी तशीच होती, आमच्याच सणाची तारीख. ज्या सणाला आम्ही ४०० खुर्च्या पुसल्या होत्या.

पुढचे चार रविवार पोरं कमरेएवढ्या गाळात. कोणी मेसेज टाकला नव्हता की सगळ्यांनी यायचंय म्हणून. ज्यांच्या वाडीत ते बावखल आहे त्यांच्यातले एक म्हातारे बाबा खुर्ची टाकून काठावर बसायचे (होय, लाल खुर्ची) आणि सांगायचे की रहाटाला बैल कसा जुंपायचे, पाणी पाटाने कुठवर जायचं, आणि नव्वदच्या आगेमागे हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे ते कसे मोर्च्याला गेले होते, टँकरवाले विहिरी उपसून पाणी विकत होते त्याविरुद्ध. पोरांना दिब्रिटो माहीत होते ते २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून, टीव्हीवर बघितलेले. मोर्चेवाले दिब्रिटो त्यांना नवीनच होते. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं २०१५ चं परिपत्रक तेव्हा कोणीतरी फोनवर काढलं, गाळाने भरलेल्या हाताने, स्क्रीनची वाट लागली.

ह्याचा शेवट गोड नाही. ते बावखल चर्चचं नाही, सातबाऱ्यावर आठ-नऊ हिस्सेदारांची नावं आहेत, दोघं परदेशात, आणि एकाला ते बुजवून विकायचंय. त्याच्या मुलीचं शिक्षण आहे, त्याला मी दोष देऊ शकत नाही. आम्ही साफ केलं, पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं, बगळे आले, पण ते राहणार की नाही हे आमच्या हातात नाही. पोरांनी ते समजून घेतलं, माझ्यापेक्षा लवकर. मग त्यांनी आपल्या हातात काय आहे ते बघितलं आणि कौन्सिलला पत्र लिहिलं, पुढच्या सणाला थर्मोकोल नको. मराठीत लिहिलं, थेस्सलनीकाकरांसवाल्या मुलीने. त्यावर दोन मिटिंगा गेल्या, पत्रावळी महाग, रस्सा सांडतो, पाहुणे काय म्हणतील. शेवटी निम्म्यावर तोडगा, मोठ्यांना स्टीलची ताटं, ती धुवायचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. पोरं म्हणाली धुतो, पण एका अटीवर, खुर्च्या आम्ही एकटे लावणार नाही.

आणि म्हणून २०२५ च्या सणाला पहिल्यांदा खुर्च्यांची पाळी विभागवार लागली. प्रत्येक वाड्याला पन्नास खुर्च्या. साडेचारला कोणीही नाही, सव्वापाचला चार काका, इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून, एकेक खुर्ची दोन्ही हातांनी धरून आणतायत. थप्पी उचलायची कशी, गुडघा कसा लावायचा हे कोणाला माहीतच नव्हतं. रांगा अशा वाकड्या की वेदीवरून बघताना फादरांना वाटलं असेल समुद्र आहे. ज्या काकांनी झाडाखाली झोपा काढतात म्हणून तक्रार केली होती ते घामाघूम होऊन एका थप्पीवर बसले आणि आमच्या मुलाला म्हणाले, "अरे, हे तुम्ही नऊ जण करायचात?" त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. पण मिस्सेच्या वेळी ते मागे झाडाखाली उभे राहिले आणि एका नर्सिंगच्या मुलीला स्वतःची खुर्ची दिली. आभाराच्या कागदावर युवक होते, तिसऱ्या नंबरला. पोरांना आता त्याचं एवढं काही नव्हतं.

काय जमलं नाही तेही लिहितो. सेक्रेटरी परत आली नाही. बायको तिला दोनदा भेटली, ती छान बोलली, चहा पाजला, पण परत नाही. तिचा धाकटा भाऊ येतो. आमच्यातले तिघं परदेशी गेले, त्यात तो "जायचं नाहीये" वाला होता की नाही ते चिठ्ठीवर नाव नसल्याने कळायला मार्ग नाही. ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियात सोलला जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, आहे, काही जणांना जायचंय, पण तिकिटाचा आकडा ऐकल्यावर पायऱ्यांवर शांतता पसरली, आणि ज्यांच्या घरी पैसा आहे तेच जाणार हे उघड आहे, त्याचं काय करायचं ह्यावर अजून भांडण चालू आहे. ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो आकुतिस संत झाले, जीन्स आणि स्पोर्ट शूजमधला संत, प्लेस्टेशन खेळणारा, पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला, त्यांचा कार्यक्रम आम्ही मोठ्या स्क्रीनवर ठेवला तर नऊ जण आले. मला वाटलं होतं हॉल भरेल. म्हणजे आम्हाला अजून पोरं कळलेली नाहीत.

शुक्रवारी साधारण पंधरा ते वीस असतात, परीक्षा आणि लग्नसराईत कमी. व्हॉट्सॲप ग्रुप ६४ वर आहे. वाचनाला आता चार जण तयार असतात, आदल्या रात्री त्यांना व्हॉइस नोट जाते, बायकोच्या आवाजात, अवघड नावं फोडून फोडून, ही आयडिया मात्र कोणी उचलावी, खर्च शून्य. डबा तोच आहे, झाकण गंजलंय.

२०२१ पासून धर्मप्रांत पातळीवरचा युवा दिन ख्रिस्तराजाच्या सणालाच असतो, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ह्या वेळी मिस्सा आमच्या ग्रुपची, वाचनं आमची, गायन आमचं, विश्वासूंच्या प्रार्थनाही पोरांनीच लिहिल्यात. फादरांनी काल विचारलं की सगळं झालं ना ठरवून. सगळं झालंय. फक्त पोरं वेदीजवळ असणार, तर त्या दिवशी खुर्च्या कोण लावणार ते अजून ठरायचंय.